साबण घरचा, पण काळजी दुप्पट

रात्रीचे साडेदहा वाजले होते. सेकंड शिफ्ट संपवून काका घरी आले आणि तहान लागली म्हणून सरळ स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावर स्टीलच्या पातेलीत पाण्यासारखे काहीतरी झाकून ठेवले होते. त्यांनी पेला बुडवायला हात पुढे केला, तोच काकू आतून ओरडत धावल्या, ‘‘अहो, थांबा! ते पाणी नाही!’’

पातेलीत कॉस्टिक सोड्याचे द्रावण होते. नातवासाठी घरचा ‘शुद्ध’ साबण करायचा म्हणून काकूंनी ते निवायला ठेवले होते. एक घोट पोटात गेला असता तर काय झाले असते, या विचाराने त्या रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये मी पाहुणी म्हणून गेले असताना घडलेला हा प्रसंग. काकूंनी साबण करणे सोडले नाही, पण करण्याची पद्धत मात्र बदलली. तुम्हालाही घरी साबण करून पाहायची हौस असेल, तर त्यांचा धडा आधी वाचा.

कॉस्टिकशिवाय साबण नाही

‘आमच्या साबणात रसायन नाही’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तेल आणि अल्कली यांचा संयोग झाल्याशिवाय साबण होतच नाही. या संयोगातून साबण आणि ग्लिसरीन तयार होते. माप बरोबर असेल तर कॉस्टिक पूर्ण वापरला जातो, तयार वडीत तो उरत नाही. बेसन, मुलतानी माती, रिठा, शिकेकाई ही उटणी उत्तमच, पण ती साबण नव्हेत.

धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा या कॉस्टिकहून वेगळ्या वस्तू आहेत, त्या इथे चालत नाहीत. मोरी साफ करायच्या पुड्याही नकोत, त्यांत इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात. रसायनांच्या दुकानातून शुद्ध कॉस्टिक सोडाच आणा.

मोहाच्या मुलखात

भिलाईच्या आसपासचा मुलूख मोहाचा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचली जातात आणि पुढे उन्हाळ्याच्या अखेरीस फळे येतात. त्यांच्या बियांना छत्तीसगडात ‘टोरा’ म्हणतात, आपल्या विदर्भात ‘टोळी’. या बियांचे तेल थंडीत तुपासारखे थिजते आणि साबणासाठी ते चांगले मानले जाते.

१९५६पर्यंत दुर्ग आणि विदर्भ एकाच राज्यात होते आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. त्यामुळे या भागाचे आणि मराठी माणसांचे नाते भिलाईच्या पोलाद कारखान्याहूनही जुने आहे. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले. पुढे १९५७मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग आला. आयोगाने मोह, करंज, कडुलिंब अशा अखाद्य तेलांपासून साबण करण्याला ग्रामोद्योग म्हणून उत्तेजन दिले. खाण्याचे तेल वाचावे आणि जंगलातल्या बियांना किंमत यावी, असा त्यामागचा साधा विचार होता.

साहित्य आणि माप

खोबरेल तेल ५०० ग्रॅम, तिळाचे तेल ४०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १४५ ग्रॅम आणि पाणी ३२० ग्रॅम.

तिळाच्या तेलाऐवजी तेवढेच मोहाचे तेल घेता येते, कारण दोघांना लागणारा कॉस्टिक जवळजवळ सारखाच असतो. खोबरेल तेलाला मात्र बराच जास्त लागतो. म्हणून त्याचे प्रमाण मनाने बदलू नका, बदलायचे तर कॉस्टिकचा हिशेब नव्याने करा. वर दिलेल्या मापात थोडे तेल मुद्दाम शिल्लक राहते, त्यामुळे साबण त्वचेला कोरडा वाटत नाही.

सगळे, अगदी पाणीसुद्धा, वजनकाट्यावर मोजा. वाटी-चमचा इथे चालत नाही. बोअरच्या जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून साका करतात, म्हणून बॅटरीत घालायचे ऊर्ध्वपातित पाणी वापरलेले बरे.

कृती

मुले शाळेत गेल्यावर, खिडक्या उघडून काम सुरू करा. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. भांडी स्टीलची किंवा जाड प्लॅस्टिकची हवीत. अॅल्युमिनियमचे पातेले कॉस्टिक खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. कॉस्टिक पाण्यात घाला, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नका. थोडा थोडा घालत ढवळा. पाणी एकदम कढत होते आणि वाफ येते, त्या वाफेवर तोंड नेऊ नका. द्रावण तिथेच बसून निवू द्या, नजरेआड करू नका.

तेले कोमट करून एकत्र करा. तेल आणि द्रावण दोन्ही ४० ते ४५ अंशांवर आले की द्रावण बारीक धारेने तेलात सोडा आणि सतत ढवळा. हँड ब्लेंडर असेल तर काही मिनिटांतच मिश्रण दाटते. हाताने ढवळाल तर बराच वेळ लागेल, धीर सोडू नका. डावातून पडलेल्या धारेची रेघ वर क्षणभर दिसली, म्हणजे मिश्रण पातळ पिठल्याइतके झाले, की थांबा. आता चमचाभर हळद किंवा कडुलिंबाच्या पानांची वस्त्रगाळ पूड घाला.

बटरपेपर लावलेल्या लाकडी खोक्यात मिश्रण ओता, वर जुना टॉवेल पांघरा. एक-दोन दिवसांनी मोजे घालूनच वड्या कापा आणि हवेशीर जागी फळीवर सुट्या मांडून चार ते सहा आठवडे मुरू द्या. सुमारे बारा-तेरा वड्या होतात. वापरण्यापूर्वी ओल्या वडीवर पीएच पट्टी लावून पाहा, आकडा ८ ते १०च्या दरम्यान हवा. त्याहून जास्त असेल तर अंगाला लावू नका.

घरच्या साबणात ग्लिसरीन राहते, ते हवेतला ओलावा ओढते. म्हणून पावसाळ्यात वड्यांना घाम फुटल्यासारखे दिसते. भिलाईसारख्या ठिकाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने या कामाला उत्तम.

अपघात झालाच तर

कॉस्टिक अंगावर उडाला तर भिजलेले कपडे काढा आणि वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धुवा. लिंबू किंवा व्हिनेगर लावत बसू नका. डोळ्यांत गेला तर तसेच धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जा. पोटात गेला तर उलटी मुळीच करवू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि कॉस्टिक कधीही पाण्याच्या, सरबताच्या बाटलीत ठेवू नका. जाड प्लॅस्टिकची घट्ट झाकणाची बरणी घ्या, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहा आणि ती कुलपात ठेवा.

दोन गोष्टी आणखी. घरचा साबण हे औषध नव्हे, इसब किंवा खरूज त्याने बरी होत नाही. शिवाय घरापुरता साबण केला तर हरकत नाही, पण अंगाचा साबण विकायला काढायचा तर राज्याच्या औषध प्रशासनाचा परवाना लागतो. शेजारणींनी वाहवा केली म्हणून लगेच दुकान मांडू नका.

काकू आता सकाळीच, घर रिकामे असताना साबण करतात. द्रावणाचे भांडे लाल रंगवलेले आहे आणि ते दुसऱ्या कशालाही वापरायचे नाही, असा घरात नियम आहे. नातवाला मात्र तो साबण त्यांनी लावला नाही. ‘‘तान्ह्या बाळाला काय लावायचे ते डॉक्टर सांगतील,’’ त्या म्हणाल्या. पहिल्या वड्या काकांच्याच वाट्याला आल्या. शिफ्टवरून आले की काका न्हाणीघरात शिरतात आणि काकू आधी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवतात.