एलिचपूरचा डास आफ्रिकेत

अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला इंग्रजी अमदानीत एलिचपूर म्हणत. विल्यम ग्लेन लिस्टन हे सरकारी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर तिथे डासांचा अभ्यास करत होते. तिथल्या एका ॲनोफिलीस डासाचे वर्णन त्यांनी १९०१ साली प्रसिद्ध केले. हिवतापाचे अभ्यासक स्टीफन्स यांच्या नावावरून त्याचे नाव पडले ‘ॲनोफिलीस स्टीफेन्सी’. जेमतेम चार वर्षांपूर्वी, १८९७ मध्ये, रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला होता. त्यामुळे कोणता डास ताप पसरवतो आणि कोणता नुसताच चावतो, हे शोधण्याची त्या काळी धांदल उडाली होती. लिस्टन पुढे मुंबईत प्लेगच्या संशोधनामुळे नावारूपाला आले. त्यांचा डासही मागे राहिला नाही.

२०१२ मध्ये तो लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या जिबूती शहरात सापडला. हिवताप जवळजवळ संपत आल्याचे समाधान त्या छोट्या देशाला तेव्हा होते, कारण त्या वर्षी नोंदले गेलेले रुग्ण होते अवघे २७. २०२० मध्ये हा आकडा ७३ हजारांच्या पुढे गेला. सगळा दोष एकट्या डासाचा नाही. स्थलांतरितांची ये-जा वाढली होती, आणि नेहमीच्या झटपट चाचणीला चकवणारे परजीवीही तिथे आढळले. तरीही शहराच्या मध्यवस्तीत ताप पसरवू शकणारा वाहक आला नसता, तर एवढी मोठी साथ पसरणे अवघड होते. वऱ्हाडात नोंद झालेल्या या डासाला आफ्रिकेतले शहर इतके कसे मानवले?

पाणी तसा डास

‘जंगल तोडले की डास वाढतात’ असे सर्रास म्हटले जाते. पण कोणते डास, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. भारतात डासांच्या सुमारे चारशे जाती आहेत आणि अंडी घालायला प्रत्येक जातीच्या मादीला आपल्या पसंतीचे पाणी लागते. कुणाला सावलीतले डबके हवे, कुणाला उन्हातला झुळझुळता ओढा, कुणाला झाडाच्या ढोलीत साचलेले घोटभर पाणी. क्युलेक्स गटाराच्या काळ्या पाण्यात आणि सेप्टिक टँकमध्ये सुखाने वाढतो. ॲनोफिलीसच्या बहुतेक जाती मात्र स्वच्छ पाणी शोधतात. जमिनीचा वापर बदलला की पाण्याची ही ठिकाणे बदलतात आणि त्यांच्याबरोबर डासांचा जमावही बदलतो.

याचा धडा विसाव्या शतकाच्या आरंभी मलायात मिळाला. माल्कम वॉटसन या डॉक्टरने १९०१ मध्ये क्लांग इथे किनारपट्टीवरची दलदल उपसून रान साफ करवले आणि हिवताप झपाट्याने उतरला. तिथला वाहक सावलीतल्या दलदलीत वाढणारा होता, त्याचे घरच गेले. तोच उपाय डोंगराळ भागातल्या रबराच्या मळ्यांवर मात्र उलटला. रान तोडल्यावर ओढ्यांवर ऊन पडू लागले आणि उन्हातल्या नितळ वाहत्या पाण्याची आवड असलेल्या दुसऱ्याच ॲनोफिलीसची चंगळ झाली. एकाच कुऱ्हाडीने सपाटीवर ताप घालवला आणि डोंगरात आणला.

शेतीतही हेच दिसते. ग्रामीण भारतातला हिवतापाचा मुख्य वाहक ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस कालव्यांच्या कडेला, नदीपात्रातल्या डबक्यांत आणि नुकतीच लावणी झालेल्या भातखाचरांत वाढतो. रोपे उंच होऊन पाणी झाकले गेले की त्याच खाचरात त्याची संख्या घटते. एका हंगामाच्या आत, एकाच बांधावर, वाहक येतो आणि जातो.

शहर हे या बदलाचे शेवटचे टोक. गवत, ओढे, ढोल्या गेल्या की बहुतेक जाती निघून जातात. मूठभर टिकतात, पण त्या अफाट संख्येने टिकतात, कारण त्यांना माणसाने साठवलेले पाणी चालते आणि रक्तासाठी माणूस शेजारीच असतो. दूरदेशी जाऊन बस्तान बसवणारे डास याच मूठभरांतून निघतात. माणसाच्या पाण्यात राहायला शिकलेला डास माणसाच्या सामानाबरोबर प्रवास करतो आणि जिथे उतरतो तिथे त्याला ओळखीचेच पाणी मिळते.

विहिरीतून टाकीत

स्टीफेन्सीने हे शिक्षण घेतले ते आपल्याकडच्या शहरांत. मुंबईला १८६० पासून विहार तलावाचे नळाचे पाणी मिळू लागले, तरी घरोघरच्या विहिरी बुजल्या नव्हत्या. मुंबईच्या हिवतापाची चौकशी करणाऱ्या डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात या विहिरींकडेच बोट दाखवले. दलदलीतले नव्हे, तर घराच्या आवारातले चांगले, वापरातले पाणी शहराला आजारी पाडत होते. विहिरी बंद करण्याच्या मोहिमेला विरोध झाला. पारशी आणि इतर समाजांच्या धार्मिक विधींत विहिरीच्या पाण्याला स्थान होते. शेवटी काही विहिरींना डास शिरणार नाहीत अशी झाकणे आणि जाळ्या बसवून तडजोड झाली.

विहिरी गेल्या आणि गच्चीवर टाक्या आल्या. झाकण तुटलेली टाकी, लिफ्टचा खड्डा, कारंजे, बांधकामावर नव्या स्लॅबवर कोंडून ठेवलेले पाणी ही स्टीफेन्सीची आजची ठिकाणे. बांधकामावर तर पाणी, डास आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेले मजूर एकत्र येतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्या रक्तात परजीवी असला की साखळी पूर्ण होते.

रिकामा गाळा

आफ्रिकेतला हिवताप प्रामुख्याने खेड्यांचा आणि पावसाळ्याचा. तिथला मुख्य वाहक ॲनोफिलीस गॅम्बिए पावसाच्या, उन्हातल्या डबक्यांत वाढतो. दाट वस्तीच्या शहरात त्याला जागा कमी आणि कोरड्या दिवसांत तर फारच कमी. म्हणजे हिवतापाच्या दृष्टीने आफ्रिकेतली शहरे हा भर बाजारातला रिकामा गाळा होता. तिथे पिंपे, हौद, टाक्या आणि बांधकामे वाढत गेली आणि त्याच धंद्यात मुरलेला गडी बाहेरून येऊन तो गाळा धरून बसला.

तो आला कसा? जहाजे आणि मालवाहतूक हा मार्ग सर्वाधिक संभाव्य मानला जातो. समुद्रकिनारा नसलेल्या इथिओपियाचा बहुतेक माल जिबूती बंदरातून जातो. इथिओपियात हा डास २०१६ मध्ये सापडला. बंदराकडून येणाऱ्या वाटेवरच्या दिरे दावा शहरात २०२२ मध्ये, ऐन कोरड्या हंगामात, हिवतापाची साथ आली. संशोधकांनी रुग्णांच्या घरांभोवती शोध घेतला तेव्हा सापडलेल्या ॲनोफिलीसमध्ये स्टीफेन्सीचेच प्राबल्य होते. सुदान, सोमालिया, नायजेरिया, घाना आणि केनियातही त्याची नोंद झाली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की तो आफ्रिकेत सर्वत्र पसरला तर आणखी १२ कोटी ६० लाख शहरवासीयांना हिवतापाचा धोका निर्माण होईल. श्रीलंकेला तर त्याने मुहूर्त साधून गाठले. सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो देश हिवतापमुक्त जाहीर केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उत्तरेकडच्या मन्नारमधल्या विहिरींत स्टीफेन्सीच्या अळ्या मिळाल्या.

ही देवघेव एकतर्फी नाही. आपल्याकडे डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती मूळचा आफ्रिकेतला, रानातल्या ढोल्यांतून रांजणात आलेला आणि जहाजांवरून जगभर गेलेला. आशियातला एडिस अल्बोपिक्टस जुन्या टायरांच्या व्यापाराबरोबर १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला आढळला. एडिसची अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात, त्यामुळे टायरात पाणी नसले तरी त्यांचा प्रवास अडत नाही. केरळात २००७ च्या चिकुनगुन्याच्या साथीत याच अल्बोपिक्टसने रबराच्या झाडांना चीक गोळा करण्यासाठी बांधलेल्या वाट्यांचा फायदा घेतला. मळा नवा, भांडे नवे, डास मात्र सरावलेला.

आफ्रिकेत हिवतापाविरुद्धची मुख्य हत्यारे म्हणजे औषधी मच्छरदाण्या आणि घरातल्या भिंतींवरची फवारणी. ती रात्री घरात शिरणाऱ्या गॅम्बिएला डोळ्यांसमोर ठेवून आखली गेली. स्टीफेन्सी गुरांनाही चावतो, गोठ्यात आणि आडोशालाही विसावतो, आणि अनेक कीटकनाशकांना तो दाद देत नाही. त्याला गाठायचे तर अळीच्या अवस्थेत, म्हणजे पाण्यातच. आपले हिवताप कर्मचारी टाक्या तपासतात, विहिरीत गप्पी मासे सोडतात, आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात. त्यामागचा हिशेब सरळ आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्याआधी भांडे रिकामे करून घासले की पिढी तिथेच संपते.

पण ज्या गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते, तिथे भरलेले पिंप कोण ओतून देईल? मराठवाड्यातल्या गृहिणीची आणि दिरे दावातल्या गृहिणीची ही अडचण सारखीच आहे, आणि दोघींना दंड करून ती सुटणार नाही. रोज येणारे पाणी, घट्ट बसणारे टाकीचे झाकण आणि बांधकामाच्या परवान्यातली डासप्रतिबंधाची अट हे विषय आज पाणीपुरवठा आणि नगररचना खात्यांकडे असतात, तर तापाचा हिशेब आरोग्य खात्याकडे मागितला जातो. शहरात कोणता डास राहील हे ठरते पहिल्या दोन खात्यांत. हिवतापाच्या आकड्यांचा जाब त्यांनाही विचारायला हवा.