शरीरातलं घड्याळ आणि रात्रपाळी

मिशेल सिफ्र हा २३ वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ जुलै १९६२मध्ये आल्प्स पर्वतातल्या एका गुहेत उतरला, तो घड्याळ बाहेर ठेवून. आत सूर्यप्रकाश नाही, वार-तारीख कळायला मार्ग नाही. झोप आली की झोपायचं, भूक लागली की खायचं आणि तेवढं वरच्या सहकाऱ्यांना टेलिफोनवर कळवायचं. १४ सप्टेंबरला तो बाहेर आला, तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्टच उजाडला होता! मनाचा हिशेब पंचवीस दिवसांनी चुकला, शरीराचा नाही. नोंदी तपासल्या तर त्याच्या झोपण्या-उठण्याचा फेरा सरासरी साडेचोवीस तासांचा निघाला.

हा वरचा अर्धा तास महत्त्वाचा. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, सुमारे वीस हजार पेशींचा पुंजका आहे. हे आपलं मुख्य घड्याळ. बहुतेकांचं ते किंचित मागे पडतं, म्हणून जुन्या चावीच्या घड्याळासारखं रोज लावावं लागतं. ते लावतो प्रकाश, डोळ्यांच्या पडद्यातल्या काही खास पेशींमार्फत. या पेशी शाबूत असतील, तर दृष्टी गेलेल्या माणसाचंही घड्याळ बिनचूक चालू शकतं.

आता रात्रपाळी करून सकाळी आठला उन्हातून घरी येणाऱ्या नर्सचा विचार करा. रात्रभर जागूनही तिचं घड्याळ उलटत नाही, कारण सकाळचं ऊन त्याला 'दिवस उगवला' असंच सांगतं. ती आडवी होते तेव्हा शरीराचं तापमान चढत असतं; चार-पाच तासांत जाग येते. लोक याला 'सवय नाही' म्हणतात! मध्यरात्री जेवल्यावर रक्तातली साखरही दिवसापेक्षा जास्त चढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७मध्ये आणि पुन्हा २०१९मध्ये अशा कामाला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. प्रत्येकाला तो होतो, असा याचा अर्थ नाही.

परतताना गडद चष्मा (स्वतः वाहन चालवत असल्यास नको), खोलीला जाड पडदे, आणि दुपारी घरच्यांनी टीव्हीचा आवाज कमी ठेवणं, एवढं तरी करता येतं. आणि पाळ्या बदलायच्याच असतील तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमानं बदलाव्यात. मागे पडणाऱ्या घड्याळाला उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. पाळीपत्रक करणाऱ्याला यासाठी वेगळा खर्च येत नाही.