चिमुकली रणभूमी

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रात मुले अंगणात मातीचा किल्ला उभारू लागतात. दगडमाती रचून डोंगर करावयाचा, त्यावर हळीव पेरून हिरवळ आणावयाची आणि बुरुजाबुरुजांवर मावळ्यांची चित्रे मांडावयाची, हा त्यांचा आवडता उद्योग. किल्ला पाहावयास आलेली वडीलधारी मंडळी कौतुक करतात, पण एखादा चिकित्सक पाहुणा हसून विचारतो, "अरे, तुमचा मावळा बुरुजाहूनही उंच कसा?" प्रश्न विनोदाचा खरा, पण त्यात एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे. ते तत्त्व म्हणजे प्रमाण.

इतिहासातील लढायांची चिमुकली सैन्ये तयार करून ती मेजावर मांडण्याचा छंद जगातील अनेक देशांत आढळतो. केवळ मुलेच नव्हेत, तर मोठी माणसेही त्यात वर्षानुवर्षे रमतात. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध इंग्रज लेखकाने १९१३ साली अशा खेळाचे नियम सांगणारे एक पुस्तकच लिहिले होते. या सैन्यांतील काही शिपाई अवघे सहा मिलिमीटर उंच, म्हणजे जवळजवळ तांदळाच्या दाण्याएवढे असतात!

इतके लहान शिपाई कशासाठी, असे कोणीही विचारील. याचे कारण असे : बाहुल्या मोठ्या असल्या तर मेजावर थोड्याच मावतात आणि पलटण म्हणून मांडलेला समूह एखाद्या टोळीसारखा दिसतो. बाहुल्या लहान केल्या म्हणजे तेवढ्याच जागेत लांबच लांब रांगा, घोडदळाचे जथे आणि तोफांच्या ओळी मांडता येतात. एकेक शिपाई स्पष्ट दिसला नाही तरी चालते. सैन्य मात्र सैन्यासारखे दिसले पाहिजे.

असे सैन्य उभारण्याच्या कामाचा आरंभ रंगाने नव्हे, तर वाचनाने होतो. लढाई कोणती, वर्ष कोणते, कोणत्या पलटणी लढल्या, त्यांचा पोशाख कसा होता, हे प्रथम शोधावे लागते. मग हिशेब करावयाचा. सहाशे शिपायांची पलटण चोवीस बाहुल्यांनी दाखवावयाची असेल, तर एक बाहुली पंचवीस शिपायांच्या जागी उभी आहे असे समजावे. हे प्रमाण एकदा ठरले की ते दोन्ही पक्षांना सारखेच लावले पाहिजे. आपल्या आवडत्या सैन्याला चार बाहुल्या अधिक देणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होय.

वितळविलेली मिश्रधातू साच्यात ओतून या बाहुल्या काढतात. पूर्वी त्यांत शिसे फार असे. शिसे विषारी असल्याने अशा बाहुल्या हाताळल्यावर हात स्वच्छ धुणे आवश्यक असते. रंग देताना प्रथम गडद थर देतात आणि त्यावर अंगरखा, विजार, चेहरा व बंदूक एवढेच रंगवितात. डोळे किंवा गुंड्या रंगविण्याचा हव्यास कोणी धरीत नाही. मात्र रंग मुद्दाम थोडे भडक वापरतात; कारण लहान वस्तू दुरून पाहिली असता तिचे रंग काळपट वाटतात. शेवटी बाहुल्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटवून भोवती वाळू व हिरवळ पसरतात आणि निशाण लावतात. इतके झाले की पलटण सज्ज होते.

या कलेचे एक भव्य उदाहरण लंडनच्या राष्ट्रीय सैन्य संग्रहालयात पाहावयास मिळते. १८ जून १८१५ रोजी बेल्जममधील वॉटर्लू येथे फ्रान्सचा सम्राट नेपोलियन याचा पराभव झाला. त्याच्याविरुद्ध वेलिंग्टन याचे सैन्य आणि ब्ल्यूखर याचे प्रशियन सैन्य लढत होते. हाच वेलिंग्टन १८०३ साली आपल्याकडील असईच्या रणांगणावर मराठ्यांशी लढला होता. वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम १८३० साली विल्यम सायबोर्न या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले.

सायबोर्न स्वतः त्या लढाईत नव्हता. म्हणूनच असेल, त्याने कोणतीही गोष्ट गृहीत धरली नाही. रणभूमीवरील ला हे सांत या शेतवाडीत तो आठ महिने राहिला आणि सभोवारची जमीन त्याने बारकाईने मोजली. पुढे लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे पाठविली. सायंकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण कोठे होती? समोर शत्रू कसा उभा होता? शेतांत कोणते पीक होते? अशा प्रश्नांची शेकडो उत्तरे त्याच्याकडे जमा झाली.

त्याने जमिनीचे प्रमाण एका मैलास नऊ फूट असे धरले, म्हणजे प्रतिकृती मूळ जमिनीच्या सुमारे ५८७ पटींनी लहान झाली. या प्रमाणात माणूस तीन मिलिमीटरच भरेल! म्हणून बाहुल्या त्याहून मोठ्या, सुमारे सेंटिमीटरभर उंचीच्या केल्या आणि एक बाहुली दोन शिपायांच्या ठिकाणी मानली. तरीही सत्तर हजारांहून अधिक बाहुल्या लागल्या.

मध्यंतरी, १८३३ साली, सरकारने पैसा देण्याचे नाकारले. सायबोर्नने कर्ज काढून काम पुढे रेटले. १८३८ साली लंडनमध्ये प्रतिकृती प्रदर्शनात मांडली गेली आणि सुमारे एक लक्ष लोकांनी ती पाहिली. तथापि कर्जाचे ओझे काही उतरले नाही. त्यातच एक वाद उभा राहिला. सायंकाळी सात वाजता प्रशियन सैन्य रणभूमीवर बरेच पुढे आलेले सायबोर्नने दाखविले होते. त्यामुळे विजयाचे श्रेय वाटले जाते, हे वेलिंग्टनच्या बाजूच्या मंडळींना रुचले नाही. अखेरीस प्रशियन सैन्याची मांडणी चुकली, असे सायबोर्नने मान्य केले. ही दुरुस्ती नव्या पुराव्यामुळे झाली की थोरांच्या दडपणामुळे, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. सायबोर्न १८४९ साली वारला. त्याने जमविलेल्या पत्रांपैकी बरीचशी त्याच्या मुलाने १८९१ साली प्रसिद्ध केली. प्रतिकृतीच्या निमित्ताने गोळा झालेला तो पुरावा आज इतिहासकारांना अमोल वाटतो.

सेंटिमीटरभर उंचीची एक बाहुली इकडून तिकडे ठेवली तर काय बिघडले, असे आपणांस वाटेल. परंतु ती बाहुली म्हणजे दोन जिवंत माणसे होती. वॉटर्लूच्या त्या एका दिवसात चाळीस हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली. मेजावरील लढाईत पडलेला शिपाई खेळ संपल्यावर पेटीत परत जातो. रणांगणावर पडलेला घरी परतत नाही. तेव्हा ज्याला चिमुकली रणभूमी मांडावयाची आहे, त्याने प्रत्येक शिपाई तो खरोखर जेथे उभा होता तेथेच उभा करावा. हातून घडणारे काम कितीही लहान असो, सत्याचे प्रमाण कमी करून चालत नाही.