जत येथील एका जुन्या विद्युत् बास गिटारचा कालनिर्णय व तिच्या तारांची दुरुस्ती

जत म्हटलें कीं वाचकांस डफळे घराणें व त्याचीं दप्तरें आठवतील. तें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. तेथून आमच्याकडे आजवर परीक्षणासाठीं आलें तें बहुधा मोडी कागद किंवा पोथ्या याच स्वरूपाचें. गेल्या कार्तिकांत मात्र एक गृहस्थ लांबट काळी पेटी घेऊन आले. पेटींत चार तारांची विद्युत् बास गिटार होती. गृहस्थांचा लग्नकार्यांत व यात्रांत वाजविणारा वाद्यवृंद आहे. मार्गशीर्षांतील यल्लम्मादेवीच्या यात्रेपूर्वीं मुकें झालेलें हें वाद्य बोलतें व्हावें, ही त्यांची पहिली निकड. तें किती जुनें हें कळल्यास विकावें कीं ठेवावें तें ठरवूं, ही दुसरी. आम्ही संस्कृताचे शिक्षक. विजेच्या तारांत आमची गति बेताचीच. परंतु वाद्य उघडून पाहतां असें दिसलें कीं पोथीच्या कालनिर्णयाची जी रीत तीच येथें लागू पडते, आणि अजाण जिल्दगर पोथीचा जो घात करितो तोच येथें अजाण दुरुस्ती करिते. म्हणून हें टिपण.

या जातीचें वाद्य प्रथम अमेरिकेंत सिअ‍ॅटल येथील पॉल टटमार्क यानें १९३० नंतरच्या दशकांत केलें. तें रुळलें नाहीं. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें लिओ फेंडर यानें ‘प्रिसिजन बास’ बाजारांत आणला. दांडीवर धातूच्या पट्ट्या असल्यामुळें स्वर नेमक्या जागीं सांपडतो, यावरून तें नांव. १९५७ सालीं त्याच्या पिकपचे दोन भाग झाले. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदांतील टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनीं बास गिटारचा खर्ज घरोघरीं पोंचविला, जरी ऐकणाऱ्यांस त्या वाद्याचें नांव ठाऊक नव्हतें. आमच्यापुढील वाद्य मुंबईच्या एका वादकाकडून मिरजेस व तेथून जतेस आलें, एवढी परंपरा मालक सांगतात. तोंडी परंपरेचें मोल आम्ही जाणतों. परंतु केवळ तिच्यावर विसंबत नाहीं.

वाद्याचें अंतरंग फार गहन नाहीं. तारांखालीं लोहचुंबकाच्या कांड्या व त्यांभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. यास पिकप म्हणतात. पोलादी तार कंप पावली कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें व वेटोळ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते. पिकपच्या दोन भागांत प्रत्येकीं सुमारें दहा हजार वेढे असून ते एकामागून एक असे जोडलेले असतात. दोहोंचे ध्रुव व वेढ्यांची दिशा परस्परविरुद्ध. त्यामुळें तारांचा नाद शाबूत राहतो आणि भोंवतालच्या विजेची घरघर मात्र वजा होते. ही वीज आवाजाच्या पॉटवर येते. तेथेंच टोनचा पॉट व कंडेन्सर जोडलेले असतात. कंडेन्सर चढे स्वरांश जमिनीकडे वाहून नेतो व खर्ज मागें ठेवितो. तेथून जॅक, आणि जॅकमधून दोरीनें अँप्लिफायर. एवढाच संसार.

आतां पुराव्याकडे वळूं. दांडी चार स्क्रूंनीं बसविलेली असते. तारा सैल करून ती काढली असतां तिच्या टांचेवर शाईचा शिक्का सांपडावयास हवा. १९६२ पासून या कारखान्यांत असा शिक्का मारीत: आरंभीं नमुन्याचा अंक, मग महिना व वर्ष, शेवटीं दांडीच्या रुंदीचें अक्षर. हीच या वाद्याची पुष्पिका. आमच्या दांडीवर प्रिसिजन बासचा ५ हा अंक स्पष्ट आहे. पुढील सर्व भाग कोणीतरी कांचकागदानें घासून टाकला आहे. दांडी घट्ट बसावी म्हणून कोणा कारागिरानें तें केलें असावें. हेतु चांगला; पण लेखनकाळ गेला तो गेलाच.

मागील बाजूच्या धातूच्या पट्टीवर मोठें ‘एफ्’ अक्षर व क्रमांक आहे. अशी पट्टी १९६५ च्या अखेरीपासून १९७६ पर्यंत वापरींत होती. परंतु पट्टी काढून दुसऱ्या वाद्यास लावणें हें पोथीचें पहिलें पान बदलण्याइतकेंच सोपें आहे.

खरा साक्षीदार आंत निघाला. आवाजाच्या पॉटच्या कडेवर ३०४-६६३४ असे आंकडे ठोकलेले आहेत. पहिले तीन आंकडे तो पॉट करणाऱ्या स्टॅकपोल कंपनीचे; पुढील दोन वर्षाचे, म्हणजे १९६६; शेवटचे दोन आठवड्याचे. चौतिसावा आठवडा म्हणजे ऑगस्ट. येथें उतावळा संशोधक ‘वाद्य ऑगस्ट १९६६ चें’ असें लिहून मोकळा होईल. तें चूक. पॉट केव्हां झाला एवढेंच हे आंकडे सांगतात. वाद्य त्यापूर्वींचें नाहीं, इतकाच त्यावरून निर्णय. फेंडरचा कारखाना जानेवारी १९६५ मध्यें सी. बी. एस. कंपनीनें घेतला, आणि १९६६ सालीं पॉटचा इतका मोठा सांठा खरेदी झाला कीं तेच आंकडे १९६९ पर्यंतच्या वाद्यांत आढळतात. जुना कागद उशिरां लिहिला जावा, तसाच हा प्रकार. कापडी वेष्टणाच्या तारा मात्र १९६८ च्या सुमारास जाऊन प्लास्टिकच्या आल्या. आमच्या वाद्यांत मूळच्या तारा कापडी आहेत. दोन्ही गोष्टी जुळवितां ऑगस्ट १९६६ ते सुमारें १९६८ ही मर्यादा आम्हांस ग्राह्य वाटते. पॉट मागाहून बसविला असेल, ही शंका उरते. परंतु त्याच्या पाठीवरील डाख मंद, एकजीव व अस्पर्शित आहे. टोनच्या पॉटवरील डाख चकचकीत व गोळ्यागोळ्यांचा. तो पॉट उघड उघड प्रक्षिप्त.

दुरुस्तीसाठीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास बोलाविलें. त्याचें रेडिओ दुरुस्तीचें दुकान होतें. त्यानें पाहतांच म्हटलें, “गुरुजी, जुनें सगळें काढून टाकूं. नवें बसवूं. यात्रेंत दगा नको.” त्याच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं, मालकाचें पोट या वाद्यावर आहे. परंतु आम्हांस घरची एक पोथी आठवली. तीस वर्षांपूर्वीं आम्हीच ती बांधावयास दिली, आणि कडा सारख्या करण्याच्या भरांत समासांतील टिपा कापल्या गेल्या. पणजोबांचें अक्षर त्या टिपांतच होतें. म्हणून आधीं मोजमाप, मग कात्री, असें ठरलें.

आवाज पूर्ण खुला ठेवून जॅकवर मल्टिमीटर लाविला. पिकप धड असतां सुमारें दहा हजार ओहम दिसावयास हवे. दिसले अडीच लाख. म्हणजे एकटा पॉट उत्तर देत होता व पिकपची वाट तुटलेली होती. प्रत्येक भाग निराळा तपासला. एकांत पांच हजारांवर ओहम भरले, दुसरा निरुत्तर. भिंगाखालीं त्याच्या टोंकाशीं जंगालाचा हिरवा ठिपका दिसला: घामाचें मीठ व दमट हवा. तार आंत तुटली असती तर दहा हजार वेढे नव्यानें गुंडाळावे लागले असते. ती मग मूळ प्रत न राहतां नक्कल झाली असती. सुदैवानें बाहेरचें टोंक तेवढें तुटलें होतें. अर्धा वेढा सोडवून, वरचें लुकण हळूच खरवडून, राळ लावून क्षणभर डाख दिला. दोन्ही भाग मिळून १०,६०० ओहम भरले, आणि शिष्यानें आमच्याकडे पाहून मान हालविली.

जुन्या पॉटची खरखर साफ करण्याचा द्रव सोडून व तो शेंपन्नास वेळां फिरवून गेली. पॉटच्या पाठीवर डाख देतांना इस्तरी चांगली तापलेली असावी व लगेच उचलावी. रेंगाळल्यास आंतील कोळशाची पट्टी जळते. प्रक्षिप्त टोनजवळच्या कंडेन्सरवर १०३ असा अंक होता. अशा अंकांत शेवटचा आंकडा शून्यें सांगतो: दहावर तीन शून्यें, म्हणजे दहा हजार पिकोफॅरड. मूळ योजना एक लाखाची, म्हणजे १०४. टोन फिरवून कांहीं फरक पडत नाहीं, ही मालकाची जुनी तक्रार त्यामुळेंच होती. तेथें १०४ बसविला.

राहिला धोक्याचा विषय. तारांच्या घोडीपासून जमिनीकडे जाणारी एक तार असते; ती कापलेली आढळली. वादकास एकदां धक्का बसला, तेव्हां ती कापविली असें मालक म्हणाले. तो धक्का वाद्याचा नव्हता. अँप्लिफायरच्या दोरीची तिसरी पिन मोडलेली होती. त्याच्या पेटींत उतरलेली वीज घोडीवाटे बोटांत येत होती. ती तार कापल्यानें घरघर वाढली, आणि जॅकच्या धातूस किंवा मायक्रोफोनला हात लागला असतां धोका होता तसाच राहिला. आम्ही आधीं तीन पिनांची दोरी बसवून अर्थिंग तपासविलें, मगच ती तार जोडली. यात्रेंत वीज जनित्राची असते. जनित्राची अर्थिंगची सळई ओल्या जमिनींत खोल ठोकावी. जतेच्या कोरड्या मातींत तेथें पाणी ओतीत राहणें अवश्य आहे. विजेच्या जाणत्या माणसास दाखविल्यावांचून खेळ सुरू करूं नये, असें मालकांस निक्षून सांगितलें.

काढलेले भाग पाकिटांत घालून वर तारीख टाकली व मालकांच्या स्वाधीन केले. काय बदललें, काय जुनें ठेविलें, याची चिठ्ठी पेन्सिलीनें लिहून वाद्याच्या पोकळींत ठेविली आहे. यात्रेंत वाद्य वाजलें. आम्ही दुरून ऐकलें. विकण्याचा विचार तूर्त मालकांनीं सोडला आहे.

ज्या संग्राहकांकडे दांडीवरील शिक्का शाबूत असलेलें व १९६६ चे पॉट असलेलें असें वाद्य असेल, त्यांनीं दोहोंचे आंकडे व आंतील तारांचें वेष्टण कापडी कीं प्लास्टिकचें तें आम्हांस कळवावें. आमची मर्यादा त्यायोगें आणखी आंखडतां येईल.