घटक ५ : फाशीच्या शिक्षेची फेरतपासणी आणि निकालपत्राची भाषा

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रशासकीय आणि वृत्तपत्रीय मराठीची ओळख आपण मागील घटकांत करून घेतली. या घटकात आपल्याला न्यायव्यवहाराच्या भाषेचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी नांदेड जिल्ह्यातील भोकर येथील एका खून खटल्याचे उदाहरण घेतले आहे. हा खटला भोकरच्या न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. तिन्ही न्यायालयांनी आरोपींना दोषी मानले; तरीही खालच्या दोन न्यायालयांनी योग्य ठरवलेली फाशी तिसऱ्या न्यायालयाने बदलली.

अशी बातमी वाचल्यावर 'खून केला हे मान्य आहे, मग फाशी का नाही?' असा प्रश्न सर्वसामान्य वाचकाच्या मनात येतो. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. 'गुन्हा सिद्ध झाला का?' हा एक प्रश्न आणि 'त्यासाठी या माणसाचा जीव घ्यावा का?' हा दुसरा. फाशीच्या शिक्षेची फेरतपासणी म्हणजे या दोन्ही प्रश्नांची स्वतंत्र उत्तरे शोधणे होय. ही दोन उत्तरे भाषेत कशी वेगळी ठेवली जातात, हे पाहणे हे या घटकाचे मुख्य उद्दिष्ट आहे.

५.२ भोकरचा खटला

जुलै २०१७ मध्ये भोकर परिसरात एक विवाहित तरुणी आणि तिचा प्रियकर अशा दोघांचा खून झाला. त्यांचे प्रेमसंबंध तिच्या विवाहाच्या आधीपासूनचे होते. विवाहानंतर थोड्याच दिवसांत ती सासर सोडून निघून गेली होती. खुनाचा मुख्य आरोपी तिचा भाऊच होता. त्याच्याबरोबर आणखी एक आरोपी होता. दोन घरांचे दुःख लक्षात घेऊन येथे कोणाचीही नावे दिलेली नाहीत. आपल्या अभ्यासाला त्यांची गरजही नाही.

भोकरच्या अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी जुलै २०१९ मध्ये दोघांनाही दोषी ठरवले. भावाला मृत्युदंड आणि दुसऱ्या आरोपीला जन्मठेप झाली. डिसेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने हा निर्णय कायम केला. एप्रिल २०२३ मध्ये न्या. भूषण गवई, न्या. विक्रम नाथ आणि न्या. संजय करोल यांच्या पीठाने अंतिम निर्णय दिला. दोघांचीही दोषसिद्धी कायम राहिली, दुसऱ्या आरोपीची जन्मठेप कायम राहिली आणि भावाच्या मृत्युदंडाचे रूपांतर जन्मठेपेत झाले.

५.३ शिक्षा 'कायम' होणे म्हणजे काय?

वरील परिच्छेदात 'कायम' हा शब्द अनेकदा आला आहे. रोजच्या बोलण्यात 'कायम' म्हणजे 'नेहमी' किंवा 'न बदलणारे'. न्यायालयीन भाषेत मात्र 'शिक्षा कायम करणे' ही एक कृती आहे आणि मृत्युदंडाच्या बाबतीत ती अनिवार्य आहे.

सत्र न्यायालयाने दिलेला मृत्युदंड त्या न्यायालयाच्या अधिकारात अमलात येऊच शकत नाही. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३६६ नुसार असे प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावेच लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ४०७ मध्ये आहे. आरोपीने अपील केले नाही, तरी प्रकरण वर जाते. उच्च न्यायालयात ते किमान दोन न्यायाधीशांपुढे चालते. या न्यायाधीशांनी खालच्या निकालावर केवळ शिक्कामोर्तब करावयाचे नसते. संपूर्ण पुरावा त्यांनी स्वतः नव्याने तपासावयाचा असतो. म्हणजे जन्मठेपेच्या आदेशाची अंमलबजावणी लगेच सुरू होते, तर मृत्युदंडाचा आदेश उच्च न्यायालयाच्या मान्यतेपर्यंत अपूर्णच असतो.

यापुढच्या टप्प्यांसाठी वापरले जाणारे शब्दही नीट ओळखावेत. 'अपील' म्हणजे वरच्या न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा निर्णय तपासणे. 'पुनर्विलोकन' म्हणजे त्याच न्यायालयाने स्वतःचा निर्णय पुन्हा पाहणे. वृत्तपत्रे त्याला 'फेरविचार याचिका' म्हणतात. मृत्युदंडाच्या प्रकरणांत अशा याचिकेवर खुल्या न्यायालयात तोंडी सुनावणी झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले. 'दयेचा अर्ज' हा न्यायालयापुढचा नसतो. तो संविधानाच्या अनुच्छेद ७२ नुसार राष्ट्रपतींकडे किंवा अनुच्छेद १६१ नुसार राज्यपालांकडे केला जातो.

५.४ कारण कोणी द्यावयाचे?

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी तरतूद होती, की ज्या गुन्ह्याला मृत्युदंड देता येतो, त्यात न्यायाधीशाने तो दिला नाही, तर न देण्याची कारणे लिहावीत. म्हणजे फाशी हा नियम होता आणि जन्मठेप हा अपवाद. १९५५ च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली. १९७३ च्या संहितेने तर हे चित्र पूर्णपणे उलटे केले. कलम ३५४ (३) नुसार मृत्युदंड द्यावयाचा असेल, तर त्यासाठी 'विशेष कारणे' लिहिणे बंधनकारक झाले. आता जन्मठेप हा नियम ठरला आणि फाशी अपवाद.

कायद्यात झालेला हा बदल म्हणजे 'कारण कोणी द्यावयाचे' या प्रश्नाच्या उत्तरातील बदल आहे. आधी जीव वाचवणाऱ्याला कारण द्यावे लागे. आता जीव घेण्याचा आदेश देणाऱ्याला ते द्यावे लागते. वरचे न्यायालय शिक्षेची तपासणी करते, तेव्हा प्रामुख्याने ही विशेष कारणे पुरेशी आहेत का, हे पाहते.

५.५ 'दुर्मिळातील दुर्मीळ' : एका शब्दप्रयोगाचा हरवलेला अर्धा भाग

१९८० मध्ये बचनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने मृत्युदंड घटनात्मक ठरवला. न्या. पी. एन. भगवती यांचे मत विरोधी होते. बहुमताने मृत्युदंड मान्य करताना त्याला मर्यादाही घातली. ती मर्यादा मराठीत 'दुर्मिळातील दुर्मीळ' या शब्दांनी रूढ झाली.

रूढ होताना मात्र अर्धाच भाग रूढ झाला. मूळ विधानाला दोन अंगे आहेत. प्रकरण दुर्मिळातील दुर्मीळ असले पाहिजे, हे पहिले अंग. जन्मठेपेचा पर्यायी मार्ग निर्विवादपणे बंद झालेला असला पाहिजे, हे दुसरे. पहिले अंग आपल्याला गुन्ह्याकडे पाहावयास लावते, तर दुसरे अंग गुन्हेगाराकडे : त्याचे वय, पूर्वेतिहास, परिस्थिती आणि सुधारणेची शक्यता यांकडे. मथळ्यांत आणि बोलण्यात दुसरे अंग गळून पडले. त्यामुळे 'दुर्मिळातील दुर्मीळ' म्हणजे 'अतिशय भयंकर' असा अर्थ वाचकांच्या मनात बसला.

न्यायालयांच्या निर्णयांतही हा ताण दिसतो. १९८३ च्या मच्छीसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याची पद्धत, हेतू, समाजविघातक स्वरूप, व्याप्ती आणि बळी पडलेली व्यक्ती असे पाच निकष सांगितले. त्यांचा रोख मुख्यतः कृत्याकडे आहे. २०११ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात तर प्रतिष्ठेच्या नावाखाली होणारे खून दुर्मिळातील दुर्मीळ या वर्गात मोडतात, असे त्याच न्यायालयाने म्हटले होते. याउलट मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात, शिक्षा ठरवण्यापूर्वी आरोपीची मानसिक व सामाजिक पार्श्वभूमी आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती मिळवण्यावर भर देण्यात आला.

५.६ सर्वोच्च न्यायालयाने काय पाहिले?

आता भोकरच्या खटल्याकडे परत येऊ. दोषसिद्धीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालय खालच्या न्यायालयांशी सहमत झाले. शिक्षेच्या प्रश्नावर मात्र त्याने पुढील गोष्टी विचारात घेतल्या. घटनेच्या वेळी भावाचे वय सुमारे पंचवीस वर्षे होते. दोघाही आरोपींचा गुन्हेगारी पूर्वेतिहास नव्हता. वैद्यकीय पुराव्यानुसार मृतांच्या शरीरावर प्रत्येकी एकच वार होता. परिवीक्षा अधिकाऱ्याचा आणि कारागृह अधीक्षकांचा अहवाल भावाच्या वर्तनाविषयी अनुकूल होता. या सर्वांवरून हे प्रकरण दुर्मिळातील दुर्मीळ ठरत नाही, असा निष्कर्ष निघाला.

'एकच वार होता' हे वाक्य वाचताना मन अडखळते. एका वाराने गेलेला जीवही जीवच असतो, आणि बहिणीचा घात सख्ख्या भावाने करावा यापरते क्रौर्य कोणते, असे वाटते. ही भावना चुकीची नाही. परंतु ते वाक्य पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही. खुनाचे समर्थन किंवा त्याची तीव्रता कमी करणे हा त्याचा हेतू नाही. पर्यायी शिक्षेचा मार्ग बंद झाला आहे का, या दुसऱ्या प्रश्नासंबंधी ते लिहिलेले आहे. वाक्य कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे ओळखल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये, हा वाचनाचा नियम येथे अत्यंत उपयोगी पडतो.

याच संदर्भात विशेषण आणि कारण यांतील फरक लक्षात घ्यावा. 'निर्घृण', 'अमानुष', 'काळिमा फासणारे' ही विशेषणे आपला संताप व्यक्त करतात. संताप खरा असला, तरी विशेषण हे 'विशेष कारण' होत नाही. कारण पडताळता येते, त्याचे खंडनही करता येते. विशेषणाशी फक्त सहमत किंवा असहमत होता येते. एखाद्याचा जीव घेण्याचा आदेश ज्या वाक्यांवर उभा राहणार, ती वाक्ये पडताळता येण्याजोगीच हवीत.

५.७ बातमीतील तीन शब्द

(अ) फाशी रद्द : हा मथळा वाचून आरोपी सुटला असा समज होतो. येथे शिक्षेचा प्रकार बदलला. दोषसिद्धी कायम आहे. 'निर्दोष मुक्तता' ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. 'फाशीऐवजी जन्मठेप' हा मथळा अधिक अचूक ठरेल.

(आ) जन्मठेप : जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा समज सर्वत्र आढळतो. गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९६१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की शासनाने सूट दिली नाही, तर जन्मठेप म्हणजे उर्वरित संपूर्ण आयुष्याचा कारावास. चौदा वर्षांचा आकडा कायद्यात आहे. पण फाशी होऊ शकेल अशा गुन्ह्यांत सुटकेचा विचार त्यापूर्वी होऊ नये, यासाठी तो आहे. ती किमान मर्यादा आहे. चौदा वर्षांनंतर सुटकेचा हक्क त्यातून मिळत नाही.

(इ) ऑनर किलिंग : या शब्दप्रयोगात, आणि 'प्रतिष्ठेसाठी खून' या मराठी रूपातही, मारणाऱ्याचा दावा जणू मान्य केला जातो. प्रतिष्ठा कोणाची आणि ती खुनाने कशी राखली जाते, हे प्रश्न शब्दातच दडपले जातात. म्हणून 'प्रतिष्ठेच्या नावाखाली केलेला खून' असे लिहिणे अधिक योग्य.

५.८ समारोप

फेरतपासणी म्हणजे गुन्हेगाराला दिलेली सवलत नव्हे. चुकीने दिलेली कैद मध्येच थांबवता येते. अमलात आलेली फाशी परत घेता येत नाही. म्हणूनच या एका शिक्षेसाठी कायद्याने इतक्या पायऱ्या ठेवल्या आणि प्रत्येक पायरीवर लेखी कारण मागितले. भोकरच्या खटल्यात दोन तरुण जीवांच्या खुनाचा दोष निश्चित झाला आणि त्या दोषाची शिक्षा आणखी एका मृत्यूशिवाय देण्यात आली. हा निर्णय तुम्हाला पटेल किंवा पटणार नाही; मतभेदाला येथे पूर्ण वाव आहे. मात्र आपला मतभेद दोषसिद्धीविषयी आहे की शिक्षेविषयी, हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट करण्याची सवय लावून घ्यावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'दोषसिद्धी कायम, शिक्षेत बदल' या विधानाचा अर्थ भोकरच्या खटल्याच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'अपील', 'पुनर्विलोकन' आणि 'दयेचा अर्ज' यांतील फरक सांगा.
३. 'दुर्मिळातील दुर्मीळ' या शब्दप्रयोगाची दोन अंगे कोणती? रूढ वापरात त्यांपैकी कोणते मागे पडले?
४. खून खटल्याच्या निकालाची एखादी बातमी निवडा. तिच्यातील विशेषणे आणि कारणे यांच्या स्वतंत्र याद्या करा आणि विशेषणे वगळून ती बातमी पुन्हा लिहा.