पीएचपी वेब-प्रणालीतील हुक व्यवस्था : गाभा न बदलता विस्तार

सारांश : प्रस्तुत लेखात पीएचपी वेब-प्रणालीतील हुक व्यवस्थेची रचना, मराठी विकिपीडियाचे उदाहरण आणि महाविद्यालयीन प्रणालीसाठी तिचे उपयोजन यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : पीएचपी, हुक, प्लग-इन, मीडियाविकी.

प्रस्तावना

महाविद्यालयाची प्रवेश व शुल्क यांची संगणकप्रणाली एकदा तयार होते. नियम मात्र वारंवार बदलतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर श्रेयांक व विषयरचना बदलली. अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात असे बदल बहुधा संगणकशास्त्राचा एखादा प्राध्यापकच मूळ आज्ञावलीत करतो. तो बदलून गेला की कोणती ओळ कशासाठी लिहिली हे कोणालाच सांगता येत नाही. प्रणालीची नवी आवृत्ती बसविली की त्या ओळी पुसल्या जातात. यावरील उपाय म्हणजे हुक.

हुकचे स्वरूप

घर बांधतानाच भिंतीत खुंटी ठेवली, तर पुढे काहीही टांगण्यासाठी भिंत फोडावी लागत नाही. हुक ही आज्ञावलीतील अशीच खुंटी होय. तिचे तीन घटक आहेत. पहिला, नोंदवही : हुकचे नाव व त्याला जोडलेली फंक्शन्स यांचा एक ॲरे. दुसरा, नोंदणी : प्लग-इन आपले फंक्शन त्या ॲरेमध्ये नोंदविते. तिसरा, पुकारा : गाभा ठरलेल्या टप्प्यावर हुकचे नाव पुकारतो व नोंदलेली फंक्शन्स क्रमाने चालविली जातात. कोणते प्लग-इन आहे हे गाभ्याला ठाऊक असण्याची गरज नसते.

वर्डप्रेसने या हुकचे दोन प्रकार मानले आहेत. 'ॲक्शन' म्हणजे घटना घडताच करावयाचे काम; उदाहरणार्थ, प्रवेश निश्चित होताच ग्रंथालयात सभासद-नोंद करणे. 'फिल्टर' मूल्य स्वीकारतो व सुधारून परत देतो. उदाहरणार्थ, शुल्काची रक्कम. येथे क्रमाला महत्त्व आहे. ८,००० रुपये शुल्कावर आधी ५० टक्के सवलत व नंतर २०० रुपये विलंबशुल्क लावल्यास ४,२०० रुपये होतात. क्रम उलटल्यास ४,१००. म्हणून प्रत्येक नोंदणीसोबत प्राधान्यक्रमांक द्यावा. वर्डप्रेसमध्ये तो न दिल्यास १० मानला जातो व लहान क्रमांक आधी चालतो.

मराठी विकिपीडियाचे उदाहरण

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया मीडियाविकी या पीएचपीत लिहिलेल्या मुक्त प्रणालीवर चालतो. शेकडो भाषांतील विकिपीडियांचा गाभा हाच आहे. मराठी टंकलेखनाची सोय मात्र या गाभ्यात नाही. ती 'युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर' या विस्तारातून मिळते. हा विस्तार 'बिफोर पेज डिस्प्ले', म्हणजे पृष्ठ दाखविण्यापूर्वीच्या हुकशी जोडलेला आहे. गाभा पृष्ठ सिद्ध करतो, हुक पुकारतो आणि विस्तार त्यात आपली साधने घालतो. त्यामुळे वाचकाला अक्षरांतरण वा इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिता येते. गाभ्याच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या, तरी मराठीची सोय पुन्हा गाभ्यात लिहावी लागत नाही.

मर्यादा व दक्षता

हुकचे नाव व त्यातून जाणारी माहिती हा एक करार आहे. तो पूर्वसूचनेशिवाय बदलल्यास जोडलेली प्लग-इन्स बंद पडतात. प्लग-इन गाभ्याच्याच अधिकारांनी चालते, म्हणून ते तपासल्याविना बसवू नये. एका प्लग-इनच्या चुकीने संपूर्ण प्रवेशप्रक्रिया थांबू शकते. पीएचपी ७ पासून (२०१५) बहुतेक घातक त्रुटी पकडता येतात. त्या पकडून नोंदवाव्यात. मात्र शुल्कगणनेसारख्या फिल्टरमध्ये त्रुटी आल्यास चुकीची रक्कम पुढे पाठविण्यापेक्षा काम थांबविणेच योग्य. तसेच हुक मोजकेच असावेत. ओळीओळीला हुक ठेवल्यास आज्ञावलीचा प्रवाह समजेनासा होतो.

समारोप

आपल्या महाविद्यालयांनी प्रणाली विकसित करताना अथवा विकत घेताना स्थानिक नियम गाभ्याबाहेर ठेवता येतील का, हा प्रश्न प्रथम विचारावा. प्रत्येक हुकचे नाव, वेळ व माहिती यांची मराठीत लेखी नोंद ठेवावी. असे केल्यास एका प्राध्यापकाचे काम त्याच्या बदलीनंतरही संस्थेच्या उपयोगी पडेल.