दंडारीतले हरवलेले टाळ

मंडईच्या रात्री चिचगडात दंडार झाली की आपण ती मोबाइलवर घेतो. मग ती फाइल फिरते, कोणी छोटी करतं, कोणी व्हिडिओत घालतं. दोन वर्षांनी ऐका, टाळ पाण्यात बुडाल्यासारखे लागतात.

नुसत्या कॉपीनं काही बिघडत नाही, बरं का. बिघडतं ते पुन्हा आवळल्यानं. मोठ्या आवाजाखाली दडलेला बारीक आवाज कानाला कळत नाही, म्हणून एमपी३ तो टाकून देते. १२८ केबीपीएसला सीडीच्या साधारण अकराव्या हिश्श्याएवढाच डेटा उरतो.

या झिजेतून रचनाही झाल्या. १९६९ साली अमेरिकेत अल्विन लूसिए यांनी आपलं बोलणं टेप करून खोलीत वाजवलं, तेच पुन्हा टेप केलं, असं कितीदा तरी. शेवटी शब्द विरले, खोलीचा नाद उरला. रायन मग्वायर यांनी तर एमपी३नं फेकलेलंच वेचून रचना केली.

आपणही करून पाहू. मूळ फाइलवर झिजलेली फाइल ठेवायची, पण तिच्या लाटेचे चढ-उतार उलटवून. दोन्ही अगदी एका क्षणाला सुरू व्हायला हव्यात. सारखं ते पुसलं जातं, हरवलेलं तेवढं वाजतं. मात्र त्यासाठी मूळ फाइल हवी! आमच्याकडे दहा दंडारींपैकी दोनचीच निघाली.